इन्व्हर्टर फ्रिज ‘बंदच होत नाही’ : तक्रार नोंदवण्यापूर्वी वाचावे

आमच्याकडे इन्व्हर्टर फ्रिजबद्दल येणाऱ्या फोनपैकी बहुतेक फोनची सुरुवात ‘फ्रिज दिवसरात्र चालूच राहतो, बंद होत नाही’ या वाक्याने होते. आम्ही आडवाटेची वाडी गाठून पाहावे, तर फ्रीजरमधला बर्फ खडखडीत असतो, दूध व्यवस्थित असते आणि फ्रिजमध्ये कोणताही दोष नसतो. आमचा अर्धा दिवस जातो, आणि काही दुरुस्त न करता भेटशुल्क मागितले म्हणून ग्राहकही नाराज होतात. हे पत्रक त्यासाठी काढले आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. फ्रिजमधील इन्व्हर्टरचा घरातल्या बॅटरीवर चालणाऱ्या इन्व्हर्टरशी संबंध नाही, आणि वीज गेली की हाही फ्रिज इतर फ्रिजप्रमाणेच थांबतो. येथे इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरची (गॅस दाबून नळ्यांतून फिरवणाऱ्या यंत्राची) गती कमीजास्त करणारी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेली सर्किटची पाटी. घरात येणारी २३० व्होल्टची वीज ती आधी डीसीमध्ये, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, बदलते आणि त्यातून पुन्हा, हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा, तीन फेजचा पुरवठा तयार करून मोटरला देते. जुन्या कॉम्प्रेसरची मोटर ५० हर्ट्झच्या विजेला बांधलेली असल्याने तिला मिनिटाला सुमारे २९०० फेरे ही एकच गती माहीत असते. तिला एकतर पूर्ण वेगाने पळता येते किंवा थांबता येते; रेग्युलेटर नसलेल्या पंख्यासारखी तिची गत आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर मॉडेलनुसार साधारण हजार-बाराशेपासून चार हजारांपर्यंत किंवा त्याहून अधिक फेऱ्यांनी फिरू शकतो. दुपारी पाहुणे आले आणि दार वारंवार उघडले की तो गती वाढवतो, रात्री घर झोपले की ती उतरवतो, पण शक्यतो थांबत नाही.

मग वीज कशी वाचते, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. कॉम्प्रेसर सावकाश फिरला की तेवढ्याच लांबीच्या कॉइलमधून कमी गॅस जातो, त्याला उष्णता बाहेर टाकायला पुरेशी सवड मिळते, दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक कमी राहतो आणि मोटरवरचा भार हलका होतो. शिवाय जुना कॉम्प्रेसर थांबला की गरम बाजूचा गॅस थंड बाजूला सरकतो आणि दर वेळी नव्याने दाब तयार करावा लागतो. ती उधळपट्टीही टळते. उदाहरणादाखल, १२० वॅट घेणारा जुना कॉम्प्रेसर दिवसातून बारा तास चालला तर १.४४ युनिट वीज लागते, आणि ४५ वॅटवर चोवीस तास चालणाऱ्याला १.०८ युनिट. मीटरला तास कळत नाहीत, युनिट कळतात.

आता ज्या एका चुकीमुळे सर्वांचाच वेळ जातो, त्या चुकीविषयी. ‘सारखा चालतो, जरा विश्रांती देऊ’ म्हणून रात्री बटण बंद करू नये. एका घरी आजी रोज रात्री दूध आत ठेवून, देवापुढचा दिवा मालवावा तितक्या नेमाने फ्रिज बंद करीत असत. तक्रार अशी होती, की सकाळी दूध नासते, म्हणजे गॅस गेला असावा. आम्ही फ्रीजर उघडला तेव्हा पिशवीतल्या बर्फाच्या वड्या वितळून पुन्हा गोठल्या होत्या आणि त्यांचा एकच गोळा झाला होता. त्या गोळ्यानेच सगळी हकीकत सांगितली. गॅस भरण्याचे पैसे आम्ही घेऊ शकलो असतो, पण घेतले नाहीत. घेतले ते फक्त भेटशुल्क.

याच चुकीचा दुसरा प्रकार वीज परत आल्यावर होतो. वीज येताच कॉम्प्रेसर सुरू होत नाही. आतले दाब समान व्हावेत म्हणून पीसीबी मुद्दाम काही मिनिटे थांबते. आतला दिवा लागला, पण आवाज नाही, म्हणून आपण बटण दोन-चार वेळा खालीवर करता आणि प्रत्येक वेळी ते थांबणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पावसाळ्यात वीज लपंडाव खेळत असताना बटण चालू ठेवून अर्धा तास फ्रिजला हात लावू नये. त्यानंतरही कॉम्प्रेसर सुरू झाला नाही, तर अवश्य फोन करावा.

मासळीचेही सांगायला हवे. १ जूनला मासेमारी बंदी सुरू होण्यापूर्वी सुरमई-बांगडा साठवण्याची घाई आम्ही समजू शकतो, कारण आमच्या घरीही तेच चालते. परंतु शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा बर्फ करताना जितकी उष्णता काढावी लागते, तितक्याच उष्णतेने तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापेल. मासळीत बहुतांश पाणीच असते. चार-पाच किलो एकदम भरल्यावर कॉम्प्रेसर कित्येक तास मोठ्या आवाजात पळेल आणि बाजूच्या भिंती गरम लागतील, कारण उष्णता टाकणारी नळी अनेक मॉडेलमध्ये त्या पत्र्याच्या आत असते. तो दोष नव्हे. वाटे करून थोडी थोडी भरावी, आणि फ्रिज भिंतीपासून चार बोटे तरी दूर ठेवावा.

खरा बिघाड झाला तर तो बहुधा कॉम्प्रेसरमध्ये नसून पीसीबीत असतो. आपल्याकडील खारी, दमट हवा तिच्या तांब्याच्या रेषांवर हिरवट थर चढवते. शिवाय ऊब शोधत पाल आत शिरली, तर तिचा आणि पीसीबीचा शेवट एकदमच होतो. अशा वेळी कोणी ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाल्यास कृपया नकार द्यावा. या मोटरच्या तिन्ही टोकांना एकसारखी वायंडिंग असते, तिला घरची वीज थेट दिल्यास ती चालत नाही, जळते, आणि पीसीबीच्या खर्चात कॉम्प्रेसरची भर पडते. आम्ही पीसीबी दुकानात नेऊन तपासतो याला वेळ लागतो म्हणून काही जण रागावतात, परंतु स्वयंपाकघरात उभ्याउभ्या तिचे निदान होत नाही.

स्टॅबिलायझरची गरज नाही, असे फ्रिजवर लिहिलेले असते, आणि ठरावीक मर्यादेत ते खरेही आहे. मात्र खांबावरची न्यूट्रल (परतीची) तार तुटून व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढले किंवा मे महिन्यात जवळ वीज कडाडली, तर ती मर्यादा उरत नाही. म्हणून जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारे छोटे उपकरण आम्ही सुचवतो. ते आमच्याकडे मिळते, अन्यत्र घेतले तरी बसवून देऊ.

पीसीबी काढून, स्वच्छ करून तिच्यावर संरक्षक लेप देण्याचे काम मे महिन्यात करून घेणे उत्तम. गणपतीच्या आदल्या आठवड्यात हे काम आम्ही स्वीकारत नाही, कारण लेप वाळेपर्यंत फ्रिज बंद ठेवावा लागतो आणि चाकरमानी तर दारात आलेले असतात.