टोप चुलीवरून उतरल्यानंतर

डुकराचं मांस खाऊन पोट बिघडलं की सगळे आधी डुकरालाच दोष देतात. जनावरच घाणेरडं, मग दुसरं काय होणार, असं म्हणून विषय संपवला जातो. पण वसईपासून वेंगुर्ला-सावंतवाडीपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला किंवा लग्नाला सोरपोतेल आणि विंदालू हे डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट रस्से शिजतात, ते चांगले रटरटून. तेवढ्या उष्णतेत साल्मोनेलासारखे जंतू टिकत नाहीत. शिजवण्यात आपण क्वचितच कमी पडतो. खरी गडबड होते ती शिजवायच्या आधी ओट्यावर आणि त्याहून जास्त, टोप चुलीवरून उतरल्यानंतर.

निरोगी डुकराच्या मांसात, आतवर, जंतू जवळपास नसतातच. ते असतात आतड्यांत, कातडीवर आणि घशातल्या टॉन्सिलमध्ये. जनावर कापताना आतडं फाटलं, सुरा एकाच पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवला, की ते मांसावर येतात. साल्मोनेला हे नाव ज्यावरून पडलं तो जंतूही हाती लागला तो डुकरातूनच. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ डुकरांच्या एका साथीचं कारण शोधत होते, तेव्हा त्यांना तो दिसला. पुढे ती साथ विषाणूची निघाली, पण जंतूला मात्र स्मिथ यांचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांचं नाव मिळालं ते कायमचं.

जंतू पृष्ठभागावर असतात, म्हणून अख्ख्या तुकड्यापेक्षा खिमा जास्त धोक्याचा. दळताना बाहेरचे जंतू आत मिसळतात. अमेरिकेतले अन्नसुरक्षेचे नियम म्हणूनच दोन वेगळे आकडे देतात. अख्खा तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीन मिनिटं तसाच ठेवायचा, खिम्याला मात्र ७१ अंश हवेत. आपल्या रश्शात दोन्ही आकडे सहज ओलांडले जातात.

ओट्यावरचं चित्र वेगळं असतं. मांस नळाखाली खळखळून धुतलं जातं आणि त्याचे बारीक शिंतोडे बाजूच्या भांड्यांवर, कोथिंबिरीच्या जुडीवर उडतात. मग त्याच फळीवर, नुसत्या पाण्याने विसळलेल्या सुरीने, तोंडी लावायला कांदा चिरला जातो. मांस शिजणार असतं, पण कांदा कच्चाच खाल्ला जाणार असतो. दुसऱ्या दिवशी कुणी आजारी पडलं तर ठपका मात्र मांसावर येतो. कच्च्या मांसाची फळी आणि सुरी निराळी ठेवणं, मांस धुवायचंच तर भांड्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुणं आणि नंतर हात साबणाने धुणं, एवढ्याने बरंच काही टळतं. हाताला जखम असेल तर कच्चं मांस आणि रक्त हाताळूच नये. डुकरांतला स्ट्रेप्टोकॉकस सुईस हा जंतू जखमेतून शिरतो, मेंदूच्या आवरणाला सूज आणतो आणि त्यातून वाचलेल्यांना कधी कायमचं बहिरेपण येतं. २००५ साली चीनच्या सिचुआन प्रांतात त्याची मोठी साथ आली होती. त्यात आजारी पडलेले बहुतेक जण मेलेली किंवा आजारी डुकरं कापणारे शेतकरी होते.

आता टोपाकडे येऊ. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू मातीत आणि जनावरांच्या आतड्यांत सर्रास असतो. परिस्थिती बिकट झाली की तो बीजाणूच्या टणक कवचात जातो, आणि हे बीजाणू उकळी सोसतात. उकळीने बाकीचे जंतू मरतात, रश्शातला प्राणवायूही निघून जातो. प्राणवायू तर या जंतूला नकोच असतो. म्हणजे आपण त्याला मोकळं रान करून देतो. मोठा टोप रात्री झाकून ओट्यावर ठेवला की वरचा थर लवकर निवतो, पण मध्यभागी डाव घातला तर कितीतरी तासांनीही कोमट लागतो. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास हा जंतू दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा साधा जंतू धरला तरी सात तासांत एकाचे वीस लाख होतात. परफ्रिंजन्स त्याच्याही दुप्पट वेगाने वाढतो. रश्शाला वास येत नाही, चव बदलत नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा येतो आणि जुलाब सुरू होतात.

उपाय साधा आहे, पण थकलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता तो नकोसा वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते: मोठ्या टोपातलं कालवण उथळ पसरट भांड्यांत काढा, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून घ्या. वाढलेले परफ्रिंजन्स त्या उकळीत मरतात.

सोरपोतेल तिसऱ्या दिवशी जास्त मुरतं आणि पूर्वी फ्रिजशिवायही टिकायचं, असं जाणती माणसं सांगतात. त्यात तथ्य आहे. माडीपासून केलेल्या व्हिनेगरने रस्सा आंबट होतो आणि पुरेशा आंबटपणात परफ्रिंजन्स वाढत नाही. रोज उकळी देण्याची रीतही उपयोगाचीच. पण हल्ली मुलांना आंबट नको म्हणून व्हिनेगर निम्मं करतात आणि टोप मात्र जुन्याच भरवशावर बाहेर ठेवतात. मला ही सर्वांत धोक्याची सवय वाटते.

उकळीने सगळं निभावतं असंही नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस माणसाच्या नाकात आणि हातावरच्या फोडांत असतो. वाढताना तो जे विष सोडतो ते उकळूनही जात नाही. खाल्ल्यानंतर काही तासांतच ओकाऱ्या सुरू झाल्या तर संशय त्याचा. यर्सिनिया हा जंतू तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढत राहतो. त्याचं मुख्य आश्रयस्थान डुकराचे टॉन्सिल, आणि त्याने पोटात उजव्या बाजूला असं दुखतं की अपेंडिक्स वाटावं. म्हणून कच्चं मांस फ्रिजमध्ये आठवडाभर न ठेवता गोठवावं. वादळात वीज गेली तर फ्रिजचं दार न उघडता साधारण चार तास आतला गारवा टिकतो. निसर्ग वादळानंतर रायगडात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी फ्रिजमधलं मांस टाकून देणंच बरं.

चोरीस, म्हणजे मीठ, मिरची, व्हिनेगर लावून सुकवलेले सॉसेज, टिकतात ते मिठामुळे, आंबटपणामुळे आणि ओल कमी झाल्यामुळे. यातलं काही कमी पडलं तर काय होतं ते १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलझेल गावात दिसलं. अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं कच्चं हॅम खाल्लं आणि त्यांतले तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा, जंतू वेगळा केला. त्याच डुकराचं बाकीचं मांस खाऊन कुणाला काही झालं नव्हतं. मांस एकाच डुकराचं, फरक होता तो साठवणीत. दमट हवेत चोरीस नीट वाळले नाहीत, बुळबुळीत लागले, तर ते खाऊ नयेत, आणि वाळलेलेही शिजवूनच खावेत.

जुलाब-ओकाऱ्या बहुतेकदा एक-दोन दिवसांत थांबतात. तोवर शरीरातलं पाणी टिकवणं महत्त्वाचं. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवून घोट घोट द्यावं. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, दृष्टी दुहेरी होणं किंवा गिळता न येणं यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय सोडून थेट डॉक्टर गाठावा. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याआधीच.