सेकंड हँड ३३०आय घेताय? आधी घोडबंदरला एक चक्कर मारू

नमस्कार, तुर्भे एमआयडीसीत आमचं छोटं गॅरेज आहे, जुन्या लक्झरी गाड्या घ्यायच्या आधी तपासून देतो. सध्या सगळ्यात जास्त विचारणा बीएमडब्ल्यू ३३०आयची होतेय, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, की चालवायला कशी आहे हो? फोनवर दर वेळी एवढं सगळं सांगणं होत नाही म्हणून हे लिहून काढलंय.

थ्री सिरीज १९७५ पासूनची, आत्ताची सातवी पिढी आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मधे आली. ३३०आयला दोन लिटर टर्बो पेट्रोल, २५८ हॉर्सपॉवर, ८ गिअरचा ऑटोमॅटिक, आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणे शून्य ते शंभर ५.८ सेकंदात. पण रोजच्या कामाचा आकडा वेगळाच आहे, ४०० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) साधारण १५५० आरपीएमलाच, इंजिन हळू फिरत असतानाच हातात येतो, म्हणजे ठाणे-बेलापूर रोडला घणसोलीच्या पुढे ट्रेलरला मागे टाकायचं असेल तर पाय नुसता टेकवला तरी गाडी निघते, गिअर कधी पडला ते कळतही नाही. इतका शहाणा गिअरबॉक्स आम्ही फार कमी गाड्यांत बघितलाय.

विकणारा तुम्हाला नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर नेणार. सकाळचा मोकळा रस्ता, एका बाजूला खारफुटी, तिथे कुठलीही गाडी छानच वाटते! म्हणून आम्ही ठाण्यात माजिवड्यावरून घोडबंदर रोडला घेतो, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा करत थेट गायमुखपर्यंत, कारण जॉइंट, खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि कंटेनर सगळं त्या एका पट्ट्यात मिळतं. कमी स्पीडला बारीक खड्डे सीटपर्यंत पोचतात, हे लपवण्यात अर्थ नाही. स्पीड वाढला की तीच गाडी घट्ट बसते आणि मोठा उंचवटा एका झटक्यात गिळते, दुसऱ्यांदा हेलकावत नाही. यात डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) असे आहेत की चाक जितकं जास्त दबेल तितके ते कडक होतात, त्यामुळे हे जमतं.

आणि मग गायमुखचा घाट. छोटासाच आहे, पण ही गाडी लोक एवढी का धरून बसतात ते तिथे समजतं. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आणि बरंच मागे सरकवलेलं, बॅटरी डिकीत, पुढे-मागे वजन जवळपास निम्मं निम्मं, आणि ओढायचं काम मागच्या चाकांकडे, त्यामुळे पुढची चाकं फक्त वळायचं बघतात. वळणात नाक लगेच आत जातं, बॉडी कलत नाही, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की मागून ढकलल्यासारखं जाणवतं. पुढची चाकं ओढणाऱ्या ऑडी ए४ मधून उतरून यात बसलात तर पहिल्याच वळणाला फरक कळेल. एक मात्र आहे, जुन्या ई९० ला (थ्री सिरीजची पाचवी पिढी) बहुतेक मॉडेलमधे हायड्रॉलिक स्टिअरिंग होतं, रस्ता तळहाताला कळायचा, तेवढं यात कळत नाही, आम्हाला त्याची हळहळ वाटते. पावसात ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद करायच्या भानगडीत पडू नका, प्लीज.

येताना आई-बाबांना घेऊन या, खरंच. सीट खाली आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज चढउतर करायला जमतंय का ते आधीच बघितलेलं बरं. मागे मधोमध बोगद्याचा उंचवटा आहे (मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट खालून जातो), म्हणून पाचवा माणूस अवघडून बसतो. मागे बसणारेच जास्त असतील तर २०२१ मधे आलेली थ्री सिरीजचीच लांब आवृत्ती, ग्रॅन लिमोझिन बघा, तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११० एमएमने जास्त आहे.

टायरबद्दल जरा नीट वाचा. कंपनीचे टायर रनफ्लॅट असतात, पंक्चर झाल्यावरही साधारण ८० च्या स्पीडने ८० किलोमीटर जाता येतं, पण साइडवॉल (टायरची बाजू) कडक असल्यामुळे खड्डा जास्त लागतो आणि ते महागही पडतात. पुष्कळ मालक कंटाळून साधे टायर टाकतात, गाडी मऊ होते, लोक खूश होतात, आणि मग रात्री पंक्चर झालं की लक्षात येतं डिकीत स्टेपनीच नाहीये. म्हणून डिकी उघडून बघाच. पुढच्या-मागच्या टायरची मापं वेगळी असतील तर ते पुढचे मागे फिरवता येत नाहीत, तो खर्चही धरून चाला.

आम्ही कूलंटची पातळी, ऑइल फिल्टर हाउसिंगजवळ ओल, खालचं कव्हर घासलंय का, रिमला वाक आहे का हे सगळं लिफ्टवर घेऊन बघतो आणि फोटोसकट लिहून देतो. चार्ज आधी ठरतो, गाडी घ्या नाहीतर सोडा, तो बदलत नाही.

वेळ शक्यतो सकाळी साडेसहाची घ्या, नंतर घोडबंदरला काही कळत नाही, नुसतं उभं राहावं लागतं. आणि मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका, थंड इंजिनचा पहिला आवाज आम्हाला स्वतः ऐकायचा असतो.