नाट्य व हस्तकामातून इतिहास-अध्यापन (मराठवाडा)

प्राथमिक वर्गांतील मुलांना इतिहास अभिनयातून आणि हाताने वस्तू घडवून शिकविण्याची पद्धती. तिच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मताप्रमाणे तिचे मूळ पाश्चात्त्य आहे. शिकागो येथील शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्या प्रायोगिक शाळेत (स्थापना १८९६) सूतकताई-विणकामाद्वारे मानवी व्यवसायांचा इतिहास शिकवीत. हॅरिएट फिनले-जॉन्सन यांनी इंग्लंडमधील खेड्याच्या शाळेत तो मुलांकरवी नाट्यरूपाने उभा केला. दुसरे मत वर्धा परिषदेकडे (१९३७) बोट दाखविते. परंतु तेथे मांडलेल्या गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीतील हस्तोद्योग उत्पादक असावा लागे. शिवाय मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे वर्ध्याचा प्रभाव येथे थेट पोचला असे म्हणताना जपावे लागते. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांतील सोंगे हा तिसरा धागा. भारूड प्रबोधनासाठी होते, शाळेसाठी नव्हे. तरी नाट्यापुरता हा वारसा अधिक जवळचा वाटतो.

हस्तकामास तेर (प्राचीन तगर) व पैठण (प्रतिष्ठान) येथील अवशेष विशेष सोयीचे. दोन्ही ठिकाणी साधारणपणे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील, दुहेरी साच्यातून काढलेल्या पोकळ मृण्मूर्ती मिळाल्या आहेत. हे तंत्र रोमन व्यापाराबरोबर आले असे काही संशोधक मानतात; व्यापार निश्चित असला, तरी तेवढ्यावरून तंत्राची आयात सिद्ध होत नाही. वर्गात पुढचा व मागचा अर्धा साचा वेगवेगळा दाबून घेतात, कडांवर काडीने रेघा ओढून पातळ चिखल लावतात व दोन्ही भाग जोडतात. सांधा बोटाने घासला नाही तर वाळताना तो उकलतो. पोळ्याच्या बैलांमुळे मुलांचा हात मातीला सरावलेला असतो. मूर्ती भाजत नाहीत, सावलीत वाळवितात.

नाट्यप्रवेश चौथीच्या ‘शिवछत्रपती’वर किंवा १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनानिमित्त बसवितात. देवगिरी किल्ल्यातील अंधारी या काळोख्या भुयारी वाटेतून शत्रू चाचपडत वर येतो, हा प्रसंग डोळ्यांवर रुमाल बांधून सहज करता येतो. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा प्रवेश मात्र अवघड. एका समाजाची मुले कायम खलपात्रे ठरू नयेत, म्हणून रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचे पात्र त्यात असणे आवश्यक आहे; त्यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. खुनाचा प्रसंग लहान वर्गांत दाखवीत नाहीत, सूत्रधार एका वाक्यात तो सांगतो.