टाइम-रिझॉल्व्ड स्पेक्ट्रोस्कोपी

प्रकाश पडला की काही रेणू वळतात, वाकतात, एखाद्याचा हायड्रोजन इकडचा तिकडं सरकतो, आणि हे घडत असतानाच ते पकडायची पद्धत म्हणजे टाइम-रिझॉल्व्ड स्पेक्ट्रोस्कोपी. इथं काळ मोजतात फेमटोसेकंदात, सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक.

एवढा फास्ट कॅमेरा कुठनं आणणार, म्हणून घड्याळाचं काम अंतराकडनं करून घेतात, आणि मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच. लेसरच्या एका पल्सचे, म्हणजे अगदी छोट्या झोताचे, दोन भाग करायचे, पहिला 'पंप' रेणूला उत्तेजित करतो, दुसरा 'प्रोब' मागनं येऊन कुठला रंग किती शोषला जातोय ते बघतो. प्रोबच्या वाटेतला आरसा 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मागं घेतला की प्रकाशाला जाऊन-येऊन 2 मायक्रॉन जास्त पडतात, म्हणजे साधारण 6.7 फेमटोसेकंद उशीर. आरसा थोडा थोडा सरकवत हेच हजारो वेळा करायचं.

याची सुरुवात नॉरिश आणि पोर्टर या रसायनशास्त्रज्ञांच्या फ्लॅश फोटोलिसिसपासून, म्हणजे प्रकाशाच्या झोतानं रेणू तोडून बघायच्या पद्धतीपासून (1967 चं नोबेल), फेमटोसेकंदाच्या कामासाठी 1999 ला अहमद झेवैल. डोळ्यातला प्रकाश टिपणारा रेणू, रेटिनल, साधारण 200 फेमटोसेकंदात वाकड्याचा सरळ होतो हे 1991 मध्ये असंच मोजलं, आत्ता हे वाचतानासुद्धा तुमच्या डोळ्यात तेच चाललंय.

सांगलीत ही गोष्ट हळदीवरनं सांगावी. इथल्या हळदीला 2018 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं तर सगळ्यांना माहीत, आणि हळदीचा डाग उन्हात टाकला की फिका पडतो हे घरोघरी ठाऊक. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिनचा, त्यात दोन ऑक्सिजनच्या मध्ये एक हायड्रोजन अडकलेला असतो आणि प्रकाश शोषला की तो एकाकडनं दुसऱ्याकडं जातो, मेथॅनॉल या द्रावकात साधारण 70 पिकोसेकंदात (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद). त्यात बहुतेक रेणू ऊर्जा सोडून पुन्हा मूळपदावर येतात, थोडेच तुटतात, म्हणून डाग जायला तास न् तास लागतात.

एक मात्र ध्यानात ठेवायचं, मशीनला दिसतो तो रंग, आकार नाही, आकाराचा आपण अंदाज बांधतो. नुसता सिग्नल बदलला म्हणून हायड्रोजनच सरकला असं म्हणता येत नाही, आजूबाजूचं द्रावकही हललेलं असू शकतं. म्हणून कुरकुमिनमध्ये हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचंच जड रूप, घालून परत मोजलं, तेव्हा वेग कमी झाला, आणि मग सरकतोय तो हायड्रोजनच हे पटलं.