द्राक्षं, धान आणि डायनासोरचं शेण: उत्क्रांतीच्या संशोधनात आपलं नागपूर सारखं का येतं

२०२४ मध्ये कोलंबियातल्या सहा कोटी वर्षं जुन्या द्राक्षबियांची बातमी जिकडेतिकडे फिरली होती. डायनासोर गेले म्हणून आपल्याला द्राक्षं मिळाली, अशा टाइपचे मथळे. त्याच बातमीत खाली कुठेतरी हेही होतं की याहून जुन्या द्राक्षबिया भारतात सापडल्या आहेत, पण ते कोणी फॉरवर्ड केलं नाही. त्या भारतातल्या द्राक्षाचं शास्त्रीय नाव इंडोव्हायटिस चितळेयी, वय साधारण ६.६ कोटी वर्षं, आणि नावातल्या चितळे म्हणजे डॉ. श्यामला चितळे, ज्या नागपुरात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. नाशिकवाल्यांनी राग मानू नये, पण सगळ्यात जुन्या द्राक्षाचा मान संत्रावाल्यांच्या नावावर आहे.

आता हे एकच असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण धान कधी उगवलं, डायनासोर गवत खायचे का, मादागास्करचे साप आणि आपले साप एका घराण्यातले कसे, असल्या प्रश्नांवरचे पेपर उघडले की पिसदुरा, मोहगाव कलान, टाकळी, नाहीतर थेट गिट्टीखदान अशी नावं दिसतात. तर त्यामागचा इतिहास काय, ते एकदा नीट लिहून ठेवतो.

पहिले जमिनीचं समजून घ्या. पश्चिम घाटापासून इकडे पसरलेला जो काळा दगड आहे, बेसाल्ट, तो लाव्हाचा आहे आणि त्याची पूर्वेकडची कडा नागपूरजवळ संपते. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती या लाव्हाचीच, आणि शहराच्या पूर्वेला भंडाऱ्याकडे निघालं की खडक बदलतो, खूप जुना होतो. हा लाव्हा एका दमात नाही आला. काही लाख वर्षांत, थांबत थांबत, भाकरीवर भाकरी ठेवावी तसा थरावर थर साचला, आणि दोन थरांच्या मधल्या निवांत काळात तिथे तळी झाली, झाडं उगवली, गोगलगायी, मासे, बेडूक आले, मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. या मधल्या गाळाच्या थरांना इंटरट्रॅपियन म्हणतात. लाव्हाच्या सगळ्यात खाली, म्हणजे लाव्हा यायच्या आधीची जी नदी-तळ्यांची माती आहे ती लामेटा, नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लामेटा घाटावरून. डायनासोरची हाडं मुख्यतः लामेटात. आणि हा सगळा काळ नेमका ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे डायनासोर संपले तेव्हाचा. वरून भारत त्या वेळी आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रातून एकटा उत्तरेकडे सरकत होता. म्हणजे जग उलथंपालथं होत असताना एका तरंगत्या बेटावर काय चाललं होतं त्याची नोंद आपल्या पायाखाली आहे. एवढं असल्यावर संशोधक येतीलच ना.

पण सुरुवात केली एका पाद्र्याने. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ ला नागपुरात आला. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पण ज्याच्या नावाने ते आहे तो माणूस सुट्टी मिळाली की हातोडी घेऊन टाकळी, तेलंगखेडी, सीताबर्डी असा दगड फोडत फिरायचा हे कमी जणांना माहीत असेल. त्याने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने १८५५ ला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लांबलचक पेपर छापला. १८५५! नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा होऊन जेमतेम एक-दोन वर्षं झाली होती, डार्विनचं पुस्तक यायला अजून चार वर्षं होती. टाकळीच्या थरातून शिंपले, गोगलगायी, बिया, फळं, अगदी किड्यांचे पंखसुद्धा, सगळं पेट्यांत भरून लंडनला. किड्यांवर १८६० ला वेगळा पेपर आला. चंद्रपूरकडच्या मांगलीहून मिळालेली एक चपटी कवटी रिचर्ड ओवेनकडे गेली, हा तोच ओवेन ज्याने डायनासोर हा शब्द बनवला, त्याने तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं, एक खूप जुना उभयचर प्राणी. कामठी-सिलेवाड्याच्या खडकातून ग्लॉसॉप्टेरिसची पानं गेली, जी पुढे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया एकेकाळी जोडलेले होते या गोंडवनाच्या कल्पनेचा मोठा पुरावा ठरली.

हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटहून परत येताना बोरीजवळ पूर आलेल्या नदीत बुडून गेला. तिथे तो जुनी शिळावर्तुळं पाहायला गेला होता. पेशा धर्मप्रचाराचा, पण आज जगात त्याचं नाव निघतं ते दगडांमुळे, आता याला काय म्हणावं.

यानंतर बरीच वर्षं भांडण चाललं ते वयाचं. हे थर डायनासोरच्या काळातले की नंतरचे? स्वतः हिस्लॉप नंतरचे म्हणायचा. १९३० च्या दशकात वनस्पतींच्या जीवाश्मांचे मोठे जाणकार बिरबल साहनी यांनी छिंदवाडा भागातल्या, मुख्यतः मोहगाव कलानच्या वनस्पती पाहिल्या, ताडमाडाची झाडं, पाण्यावर तरंगणारं अझोला, खाडीच्या कडेला वाढणाऱ्या निपा पामची फळं, आणि त्यांनीही ठामपणे सांगितलं की हे नंतरचं, इओसीनच्या म्हणजे डायनासोर संपल्यानंतरच्या एका कालखंडाच्या सुरुवातीचं. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द, बहुतेकांनी तोच धरला. गंमत अशी की पुढे १९८० च्या दशकात ज्यांच्या टीमने याच थरांतून डायनासोरच्या अंड्यांच्या टरफलाचे तुकडे काढून वय मागे ढकलायला मदत केली, ते अशोक साहनी हे बिरबल साहनींचे सख्खे पुतणे. टाकळीच्या थरातूनही टरफलं मिळाली. १९८४ च्या एका फ्रेंच पेपरमध्ये तर शीर्षकातच गिट्टीखदान आहे, तिथल्या मासे-बेडकांच्या बारीक हाडांवरून. काटोल रोडवर रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या माणसाला हे सांगून पाहा, विश्वास नाही ठेवणार. १९८६ ला फ्रेंच शास्त्रज्ञ कुर्तियो वगैरेंनी खडकांचं चुंबकत्व, किरणोत्सर्गी मोजमाप आणि हे जीवाश्म एकत्र ठेवून सांगितलं की डेक्कनचा लाव्हा डायनासोर संपले त्याच काळातला आहे. डायनासोर उल्केने मेले म्हणणारे उल्कावाले आणि लाव्हाने मेले म्हणणारे लाव्हावाले यांचा वाद तेव्हापासून रंगला तो रंगलाच.

आता माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात भारी गोष्ट, पिसदुरा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला. तिथे शेतात दगडी गोळे सापडतात, ते शेण आहे, डायनासोरचं, दगड झालेलं. शास्त्रात कोप्रोलाइट. १९३९ ला मॅटले नावाच्या साहेबाने त्यावर पेपर लिहिला, आकारावरून प्रकार पाडले, आणि मग कितीतरी वर्षं ते आपले म्युझियमच्या कपाटात. शेणावर कोण एवढं डोकं लावणार.

२००५ ला वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी सायन्स नावाच्या जर्नलमध्ये पेपर टाकला. प्रसाद लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या. त्यांनी बघितलं काय, तर फायटोलिथ. झाडं मुळांतून पाण्यासोबत सिलिका ओढतात आणि पेशींमध्ये तिचे सूक्ष्म काचेसारखे कण तयार होतात. धान कापताना पात्याने हात चिरतो तो यामुळेच, भंडारा-गोंदियात कोणालाही विचारा. पान सडतं, हे कण सडत नाहीत, पोटातून जातात, शेणातून बाहेर पडतात आणि तसेच राहतात. वर प्रत्येक गटाच्या गवताचा कण वेगळ्या आकाराचा, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली ओळखता येतं कोणाचं गवत. अशा कामात कोप्रोलाइटचा बाहेरचा भाग खरवडून टाकतात आणि आतला भाग ॲसिडमध्ये विरघळवतात, नाहीतर शेतातल्या आजच्या गवताची धूळ मिसळून सगळाच घोळ व्हायचा.

त्या शेणात निघाले निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण. तोपर्यंत पाठ्यपुस्तकात काय होतं, तर खात्रीचे सगळ्यात जुने गवताचे जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांचे, म्हणजे डायनासोर गेल्यावरचे, त्यामुळे चित्रात डायनासोरच्या पायाखाली गवत दाखवलं की जाणकार लोक हसायचे. आता हसणं बंद झालं. गवत नुसतं होतं एवढंच नाही, तर तेव्हाच त्याच्या वेगवेगळ्या शाखा फुटलेल्या होत्या. अर्थात शेणात जास्त भाग इतर झाडांचा, पाम, सूचिपर्णी वगैरे, गवत थोडंच, म्हणजे टायटॅनोसॉर, हे शेण ज्यांचं मानतात ते लांबमान्या डायनासोर, गायीसारखे दिवसभर चरत नव्हते, तोंडाला आलं ते खात होते. हे नीट लक्षात ठेवा कारण ‘डायनासोर गवतावर जगायचे’ असं सांगणारे खूप भेटतील.

अजून एक कोडं यातून सुटायला लागलं. उंच, झिजायला टिकाऊ दात हे गवत चरणाऱ्या प्राण्यांचं लक्षण मानतात, घोड्यांच्या उत्क्रांतीत तेच शिकवतात. पण भारत, मादागास्कर, दक्षिण अमेरिकेत गोंडवानाथेरियन नावाचे छोटे सस्तन प्राणी डायनासोरच्याच काळात असे दात घेऊन फिरत होते, आणि लोक विचारायचे गवतच नव्हतं तर हे दात कशाला? आता एक शक्य उत्तर तरी आहे. २०११ ला त्यांच्यातल्या काहींनी इतर सहकाऱ्यांसोबत अजून पुढे जाऊन सांगितलं की पिसदुऱ्याच्या शेणातले काही कण थेट धानाच्या गटाचे आहेत. म्हणजे धानाच्या गटाची फूट त्याहून जुनी, आणि आधुनिक गवतांच्या डीएनएवरून काढलेल्या तारखांना याने चांगलाच धक्का बसला. डीएनएवाले आणि जीवाश्मवाले यांची इथे अजून पूर्ण जुळवणी नाही. पुढे २०१८ ला चीनमध्ये एका बऱ्याच जुन्या डायनासोरच्या दातांवरही गवताचे कण मिळाले, त्यामुळे पिसदुऱ्याचा निकाल एकटा पडलेला नाही.

पिसदुराच्याच मातीतून २०११ ला एका सापाची नवी जात आली, मॅडसोइया पिसदुरेन्सिस, काम धनंजय मोहबे यांच्यासह तिघांचं. मोहबे म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले, नागपूरचेच. या सापाचे भाऊबंद मादागास्करच्या जीवाश्मांत आहेत. जवळच्या डोंगरगावचा लांबमान्या डायनासोर आयसीसॉरस, त्यातलं आयसी म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, जिथल्या लोकांनी तो खणून काढला. तिकडे पश्चिम घाटात २००३ ला जाहीर झालेल्या जांभळ्या बेडकाचे जवळचे नातेवाईक सेशेल्सच्या बेटांवर. म्हणजे हाडांचा आणि जिवंत प्राण्यांचा पुरावा एकाच दिशेने बोट दाखवतो, तुटलेल्या गोंडवनाकडे.

पण मग डेक्कनोलेस्टिस येतो आणि पंचाईत करतो. १९८८ ला जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी नेचर या जर्नलमध्ये भारतातला पहिला डायनासोरकाळातला सस्तन प्राणी जाहीर केला, तेलंगणातल्या नसकलच्या इंटरट्रॅपियन थरातून, आणि त्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. पाद्र्याला सव्वाशे वर्षांनी मिळालेला मान. हे दात एवढे बारीक असतात की शेतात दिसतच नाहीत, पोतीच्या पोती माती आणायची, पाण्यात भिजवून चाळायची, मग मायक्रोस्कोपखाली ब्रशने एकेक कण वेचायचा. आधी वाटलं हा प्राणी आपल्या, म्हणजे माकड-माणसांच्या शाखेच्या जवळचा असेल. २०११ च्या अंजली गोस्वामी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने तो त्याहून खूप खालच्या, जुन्या फांदीवर बसवला, झाडांवर चढणारा, आणि त्याचे नातेवाईक निघाले युरोप-आफ्रिकेतले. आता एकटं तरंगणारं बेट असेल तर त्याचे नातेवाईक तिकडे कसे? मध्ये बेटांची साखळी होती का, आफ्रिकेच्या बाजूने ये-जा होती का, यावर आजही डोकेफोड चालू आहे.

राहिली द्राक्षं. मोहगाव कलानसारख्या ठिकाणचा चर्ट, आपल्याकडे ज्याला गारगोटी म्हणतात त्यातलाच प्रकार, त्यात लाकूड, फुलं, फळं पेशींसकट जपली गेली आहेत. अशा दगडाला आधी करवतीने कापायचं, मग कापलेली बाजू घासून हायड्रोफ्लोरिक ॲसिडने जराशी खायची, पेशींच्या भिंती किंचित वर उरतात, त्यावर ॲसिटोन ओतून प्लास्टिकची पातळ फिल्म ठेवायची, वाळली की सोलायची, पेशी फिल्मवर उतरतात. परत घासा, परत सोला. असं एकेक करून फळाच्या आतला नकाशा बनतो. चितळे बाईंनी या कामात हयात घालवली, पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये गेल्या, २०१३ ला वारल्या, आणि त्याच वर्षी स्टीव्हन मँचेस्टर, भंडाऱ्याचे दशरथ कापगते आणि जुन वेन यांनी त्यांच्या नावाचं द्राक्ष जाहीर केलं. द्राक्षाच्या बीला एका बाजूला दोन खोल खाचा आणि पाठीवर एक गोल ठसा असतो, दुसऱ्या कोणत्या घराण्यात असं नसतं, म्हणून ओळखण्यात वाद झाला नाही.

कोलंबियावाल्यांचं म्हणणं असं की मोठे डायनासोर गेले, जंगलं दाट झाली, वेलींना चढायला जागा मिळाली आणि द्राक्षं पसरली. शक्य आहे. पण आपल्या इंडोव्हायटिसचं वय बघता इथे लाव्हा वाहत होता तेव्हाच वेल चढलेला होता, म्हणजे पसरणं नंतरचं असलं तरी जन्म आधीचा, आणि तो कुठे झाला हे ठरवायला डेक्कनच्या या थरांतली अजून फळं तपासावी लागतील. जुन्या संग्रहातले चर्ट आता न कापता मायक्रो-सीटी स्कॅनमध्ये टाकून बघतात. टाकळी आणि गिट्टीखदानच्या बऱ्याचशा थरांवर मात्र आता घरं उभी आहेत, तिथलं नवीन काही मिळेल ते कोणी बोअर किंवा पाया खणताना लक्ष दिलं तरच.