कुत्र्यांच्या मज्जासंस्थेच्या विकारांवरील चिनी उपचार: परंपरा नेमकी किती जुनी?

मागचे पाय लुळे पडलेल्या डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्याच्या पाठीत बारीक सुया टोचून (ॲक्युपंक्चर) त्यांतून मंद विद्युतप्रवाह सोडणे आणि जोडीला चिनी वनौषधींची पूड जेवणात कालवून देणे, हे अमेरिका, ब्राझील आणि युरोपातील अनेक पशुरुग्णालयांत आता नवलाचे राहिलेले नाही. या उपचारांची ओळख करून देताना ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द हटकून येतात. चीनमधील पशुवैद्यकाचा इतिहास जुना आहे, यात शंका नाही. मात्र त्या इतिहासात कुत्रा जवळजवळ कोठेच दिसत नाही आणि कुत्र्यांच्या चेतासंस्थेच्या विकारांवर आज जे उपचार होतात, त्यांची घडण मुख्यतः १९७० नंतर आणि बहुतांशी चीनबाहेर झालेली आहे.

चिनी पशुवैद्यकाचा जुना केंद्रबिंदू घोडा होता. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात छिन राज्याच्या मू राजाच्या पदरी असलेला अश्वपारखी बो-ल हा या विद्येचा आद्यपुरुष मानला जातो; त्याच्या नावावर सांगितला जाणारा सुया टोचण्याचा ग्रंथ प्रत्यक्षात त्याच्यानंतर कित्येक शतकांनी रचलेला आहे. मिंग काळात, १६०८ च्या सुमारास, यू बेनयुआन आणि यू बेनहेंग या बंधूंनी घोड्यांच्या उपचारांचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, तो पुढे तीन शतके प्रमाण मानला गेला आणि त्याच्याबरोबर बैल व उंटांवरील प्रकरणेही प्रचारात राहिली. सैन्य, टपाल आणि शेती ज्यांच्यावर अवलंबून होती, त्या जनावरांसाठीच राज्यकर्ते वैद्य पदरी ठेवत. या ग्रंथांतील ‘सुई’ म्हणजे आजची केसासारखी सुईच असे समजण्याचेही कारण नाही. शीर फोडून रक्त काढणे, गळू फोडणे आणि तापल्या लोखंडाने डागणे या क्रिया त्याच परंपरेत मोडत. आयुर्वेदातील रक्तमोक्षण आणि अग्निकर्म, किंवा आपल्या खेड्यांत बैलाला दिली जाणारी डागणी, यांच्याशी परिचित असलेल्या वाचकाला त्या पानांवरील बरेच काही ओळखीचे वाटेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे पशुवैद्यकीय शिक्षण सुरू झाले आणि जुनी विद्या खेडोपाडीच्या वैद्यांकडे उरली. १९४९ नंतर नव्या सरकारपुढे शेतीची अफाट जनावरे होती आणि प्रशिक्षित पशुवैद्य मोजके होते. त्यामुळे १९५६ मध्ये सरकारने लोकवैद्यांना संघटित करण्याचा आदेश काढला, पुढे त्यांचे ज्ञान नोंदवले गेले आणि महाविद्यालयांत शिकवले जाऊ लागले. या साऱ्या खटाटोपात पाळीव कुत्र्याला स्थान नव्हते. शहरात कुत्रा बाळगणे हा भांडवलदारी शौक समजला जाई. बीजिंगमध्ये तर १९८० च्या दशकात त्यावर बंदीच होती आणि ती १९९० च्या दशकाच्या मध्याला सैल झाली. ज्या देशाच्या राजधानीत कुत्रा पाळणेच नियमबाह्य होते, तेथे कुत्र्यांच्या पाठीच्या मणक्यांवरील उपचारांचे शास्त्र बहरले नाही, यात आश्चर्य नाही.

बहर आला तो अमेरिकेत. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांनी बीजिंगमधील आपल्या आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटातील अस्वस्थतेवर सुयांनी कसा उपचार झाला, याचा वृत्तांत लिहिला. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि ॲक्युपंक्चरविषयीच्या कुतूहलाला उधाण आले. पशुवैद्यही त्यात ओढले गेले आणि १९७४ मध्ये अमेरिकेत आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चर संस्था स्थापन झाली. पुढे १९८८ मध्ये अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत ही पद्धत ग्राह्य मानली, पण तिचा गैरवापर होऊ शकतो हेही त्यातच नोंदवले. चीनमध्ये शिकलेले ह्वेईशेंग शिए यांनी १९९८ मध्ये फ्लोरिडात ‘ची इन्स्टिट्यूट’ ही संस्था सुरू केल्यावर सुया, वनौषधी, आहार आणि मालिश यांचा एकत्रित अभ्यासक्रम पाश्चात्त्य पशुवैद्यांना शिकता येऊ लागला.

या घडामोडींतील सर्वांत रोचक आणि सर्वांत कमी चर्चिलेला भाग म्हणजे कुत्र्याच्या शरीरावरील बिंदूंचे नकाशे. घोड्याचे पारंपरिक बिंदू सुटेसुटे होते. माणसाच्या अंगावर मात्र बिंदूंना जोडणाऱ्या कल्पित वाहिन्यांची सलग मांडणी होती. पाश्चात्त्य अभ्यासकांनी माणसाचा नकाशा उचलून कुत्र्यावर ठेवला. तो जसाच्या तसा बसणे शक्य नव्हते, कारण माणसाला छातीचे १२ आणि कमरेचे ५ मणके असतात, तर कुत्र्याला अनुक्रमे १३ आणि ७ असतात. पाठीवरून जाणाऱ्या मूत्राशय-वाहिनीचे बिंदू मणक्यांच्या आधारे मोजले जातात, तेव्हा कोणता बिंदू कोणत्या मणक्याजवळ धरायचा याचा निर्णय कोणा प्राचीन ऋषीने केलेला नसून विसाव्या शतकातील पशुवैद्यांनी केलेला आहे. बाय-हुई नावाचा बिंदू माणसात टाळूवर आहे, तर चिनी पशुवैद्यकात त्याच नावाचा बिंदू कंबर आणि त्रिकास्थी यांच्या सांध्यावर येतो. आजचे चिकित्सक लुळ्या कुत्र्यासाठी हे दोन्ही वापरतात. हा व्यवहारी जुळवाजुळवीचा भाग आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र प्राचीनतेचा दाखला देऊन उपचाराची खात्री पटवणे यामुळे अवघड होते.

चेतासंस्थेच्या विकारांत सर्वाधिक अभ्यास झाला तो मणक्यांतील चकती सरकण्याचा. डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत ही चकती तरुणपणीच कडक होते आणि अचानक फुटून मज्जारज्जूवर दाब आणते. कुत्रा वेदनेने कण्हतो, मग अडखळतो, मग मागचे पाय ओढू लागतो. बोटांच्या हाडाला जोरात चिमटा काढला तरी त्याला जाणीव होत नसेल, तर रोग शेवटच्या पायरीवर आहे असे समजतात. १९८० च्या दशकात बेल्जियममधील लुक यान्सेन्स यांनी अशा कुत्र्यांवर सुयांचा वापर नोंदवला. २००७ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी ५० कुत्र्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नेहमीच्या औषधोपचाराला विद्युत-ॲक्युपंक्चरची जोड मिळालेले मध्यम ते तीव्र लक्षणांचे कुत्रे सरासरी १० दिवसांत चालू लागले, तर केवळ औषधांवर असलेल्यांना सुमारे २१ दिवस लागले. २०१० मध्ये ब्राझीलमधूनच ४० कुत्र्यांचा दुसरा अभ्यास आला. दोन दिवसांहून अधिक काळ गंभीर अवस्थेत राहिलेल्या या कुत्र्यांपैकी केवळ विद्युत-ॲक्युपंक्चर मिळालेल्या १९ पैकी १५, केवळ शस्त्रक्रिया झालेल्या १० पैकी ४ आणि दोन्ही मिळालेल्या ११ पैकी ८ कुत्र्यांमध्ये उपचार यशस्वी ठरला.

हे आकडे पाहून शस्त्रक्रिया टाळण्याचा मोह होतो आणि तो धोक्याचा आहे. संख्या लहान होती, गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि या रोगात बरेच कुत्रे पिंजऱ्यातील सक्तीच्या विश्रांतीनेही सुधारतात. पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चरवरील संशोधनाचा २००६ मध्ये जो पद्धतशीर आढावा घेतला गेला, त्यात कोणत्याही विकारासाठी ठाम पुरावा आढळला नव्हता. वेदनाशमनाचा पाया तुलनेने भक्कम आहे. सुईने मिळणारा आराम अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाने रोखला जातो, हे १९७० च्या दशकात दिसून आले आणि बीजिंगच्या हान जीशेंग यांनी २ आणि १०० हर्ट्झच्या प्रवाहांनी शरीरात वेगवेगळी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, हे दाखवले. वेदना कमी होणे आणि मज्जारज्जू सुधारणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. आकडीच्या विकारात पुरावा आणखी विरळ आहे. पेनसिल्व्हेनियातील ॲलन क्लाइड व सहकाऱ्यांचा १९८७ चा बहुचर्चित अभ्यास अवघ्या ५ कुत्र्यांचा होता.

वनौषधींची कथा समांतर आहे. पक्षाघातासाठी वांग छिंगरेन या वैद्याने १८३० मध्ये सांगितलेला सात घटकांचा काढा आज दुर्बल पायांच्या कुत्र्यांनाही दिला जातो. त्यात हुआंग-छी हे मूळ भरपूर प्रमाणात असते आणि बाकी द्रव्ये थोडी. त्यांत वाळवलेले गांडूळ आहे आणि सोलापूरकडच्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक असलेले करडईचे फूलही आहे. आकडीवरील जुन्या पाठांत विंचू, रेशीमकिडा आणि कधी हिंगूळही येतो. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग. लकव्यासाठी वापरले जाणारे मा-छियान-झी म्हणजे आपला काजरा, ज्यातील स्ट्रिक्निन कुत्र्यांचे कुप्रसिद्ध विष आहे. चिनी वैद्य ते बी शुद्ध करून वापरतात, आयुर्वेदातही शुद्धी सांगितली आहे. तरीही माणसासाठी ठरलेली मात्रा दहा किलोच्या कुत्र्यासाठी अंदाजाने कमी करणे हा खेळ नव्हे. आकडीवरील फेनोबार्बिटल हे औषध घेत असलेल्या कुत्र्याच्या यकृतावर आधीच भार असतो, ही बाबही विसरता येत नाही.

भारतात ॲक्युपंक्चर आले ते एका वेगळ्याच वाटेने. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर यांच्यासोबत बंगालचे विजयकुमार बसू होते. बसूंनीच पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ही विद्या शिकून ती कोलकात्यात रुजवली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, पण तो माणसांवरील उपचारांपुरता आहे. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार, किरकोळ सेवांचा अपवाद वगळता, नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. त्यामुळे पुण्यामुंबईत लुळ्या पडलेल्या कुत्र्यासाठी ॲक्युपंक्चर करणारी व्यक्ती शोधताना केवळ ॲक्युपंक्चरची पदवी पाहून भागत नाही. ती व्यक्ती पशुवैद्य म्हणून नोंदलेली आहे का आणि चकतीचे निदान एमआरआय किंवा सीटी स्कॅनने झाले आहे का, या दोन गोष्टी सुई टोचण्याआधी तपासून घ्याव्या लागतात.