ऑफ-रोड गाडीवर जादा दिवे बसवण्यापूर्वी: कोल्हापुरातील पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

पावसाळ्यात गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट रात्री उतरताना मूळ हेडलाइटचा प्रकाश धुक्याच्या भिंतीवर आपटून परत डोळ्यांत येतो, आणि मग गाडीला जादा दिवे हवेतच, असे जीपवाल्याला वाटू लागते. शिवाजी उद्यमनगरात असे दिवे तासाभरात बसवून मिळतात. मात्र ते बसवण्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण मोटार वाहन कायद्याने सगळ्या जादा दिव्यांकडे एकाच नजरेने पाहिलेले नाही. काही दिव्यांना अर्जाची गरज नाही, काहींना पूर्वपरवानगी लागते, आणि काही जोडण्या अशा आहेत की त्यांच्यासाठी अर्ज करण्यात अर्थ नाही. आपला दिवा यांपैकी कोणत्या गटात बसतो, हे ठरवणे हीच या प्रक्रियेची पहिली पायरी आहे.

मूळ नियम मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये, असे हे कलम सांगते. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालाने या कलमाचा अर्थ अधिक कडक झाला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. नियमात न बसणारा बदल, म्हणजे बाहेरून सुटे भाग बसवणेसुद्धा, केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, अशी तरतूद त्यात आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवावेत.

आता दिव्यांच्या प्रकारांकडे वळू. पुढच्या बंपरमधील पांढऱ्या किंवा पिवळ्या फॉग लॅम्पची जोडी हा सर्वांत निर्धोक प्रकार आहे. अनेक गाड्यांच्या वरच्या आवृत्त्यांत निर्माताच ती देतो, आणि खालच्या आवृत्तीच्या बंपरमध्ये तिची जागा झाकून ठेवलेली असते. तेथे निर्मात्याचाच संच बसवल्यास नोंदणी प्रमाणपत्रातील कोणताही तपशील बदलत नाही, त्यामुळे स्वतंत्र अर्जाची गरज पडत नाही. मात्र दिवा प्रमाणित असावा, त्याची उंची डिप बीमच्या, म्हणजे खाली वळलेल्या झोताच्या, दिव्यापेक्षा वर जाऊ नये आणि त्याचे बटण स्वतंत्र असावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ इथेही लागू होतोच. गाडीपुढे ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर एखाद्याचा डोळा असेल, तर तो दिपणार नाही इतका झोत खाली वळलेला असावा, किंवा चालकाला तो तसा वळवता यावा, असे हा नियम सांगतो. समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचा डोळा जवळपास याच जागी असतो, हे पाहिले की ही मापे कागदी वाटत नाहीत.

स्पॉट लाइट आणि सर्च लाइट यांचे मात्र वेगळे आहे. नियम १११ नुसार असा दिवा कोणत्याही वाहनाच्या पुढील बाजूस बसवण्यास मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत, आणि तोही नोंदणी प्राधिकाऱ्याच्या, म्हणजे परिवहन कार्यालयाच्या, पूर्वमान्यतेनेच, तो बसवता येतो. टपावर किंवा बॉनेटवर बसवायचा लांब पल्ल्याचा एलईडी बार बाजारात कोणत्याही नावाने विकला जात असला, तरी तपासणीच्या वेळी तो याच नियमाच्या चौकटीत पाहिला जाईल असे धरून चालावे. तिसरा गट बुलबारचा, म्हणजे गाडीच्या पुढे बसवल्या जाणाऱ्या धातूच्या दांड्यांचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरील क्रॅश गार्ड आणि बुलबार यांच्यावर कलम ५२ खाली कारवाई करण्यास सांगितले होते. त्यामुळे दिवा कितीही प्रमाणित असला, तरी तो ज्या दांडीवर बसवायचा ती दांडीच बेकायदा असेल, तर अर्ज पुढे सरकणार नाही.

‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणजे काय, याची यादी नियमात दिलेली नाही. हा निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेला आहे. म्हणून पात्रतेचा विचार गाडीवरून नव्हे, कामावरून करावा. पूर आला की बोटी आणि माणसे घेऊन रात्री बाहेर पडणारे बचाव पथक, डोंगरी वाड्यांपर्यंत जाणारे वैद्यकीय वाहन, रात्री वीजवाहिनी दुरुस्त करणाऱ्यांची गाडी, यांना सांगण्यासारखे कारण असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर असे कारण कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावे लागू नये. ‘रविवारी मित्रांबरोबर चिखलात गाडी घालतो’ हे कारण प्रामाणिक आहे, पण त्यावर मान्यता मिळण्याची आशा धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार ‘मोटार वाहन’ ठरत नाही, ही गोष्ट खरी. परंतु कोल्हापूरच्या एमएच ०९ क्रमांकाची आणि रोज रस्त्यावरून जाणारी थार किंवा गुरखा या सवलतीत बसत नाही. रविवारपुरती ऑफ-रोड असणारी गाडी सोमवारी रस्त्यावरचीच असते.

अर्ज कोणाकडे करायचा हा प्रश्न सोपा वाटतो, पण सीमाभागात तो गुंतागुंतीचा होतो. मालक ज्याच्या हद्दीत राहतो तो नोंदणी प्राधिकारी, म्हणजे कोल्हापूर हद्दीतील रहिवाशांसाठी ताराबाई पार्क येथील प्रादेशिक परिवहन कार्यालय. गाडी पुण्यात नोंदलेली असेल आणि मालक आता कोल्हापुरात राहत असेल, तर आधी पत्ताबदलाची नोंद करून घ्यावी; पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत ती करणे कलम ४९ नुसार बंधनकारकच आहे. बेळगाव किंवा चिक्कोडीकडची केए क्रमांकाची गाडी येथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली असेल, तर कलम ४७ नुसार नवीन नोंदणी क्रमांकाचा विषय आधी मिटवावा लागतो. हे न करता दिव्याचा अर्ज दिला, तर पहिली चौकशी दिव्याची न होता क्रमांकाचीच होते.

नियम १११ मध्ये कागदपत्रांची ठरावीक यादी नाही. म्हणून अधिकाऱ्याला निर्णय घेता येईल इतके सारे स्वतःहून जोडणे शहाणपणाचे आहे. नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, लागू असल्यास योग्यता प्रमाणपत्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती तर लागतीलच. संस्थेची गाडी असेल, तर संस्थेच्या लेटरहेडवरील पत्र आणि अर्जावर सही करण्याचा अधिकार देणारा ठराव जोडावा. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे लेखी संमतीपत्र घ्यावे; भाडेखरेदी करारावर घेतलेल्या गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येत नाही, असे कलम ५२ च सांगते. दिव्याच्या बाबतीत निर्मात्याचे माहितीपत्रक आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत महत्त्वाची आहे. हे प्रमाणपत्र विक्रेत्याकडे नसेल, तर तो दिवा घेऊ नये.

सर्वांत अधिक कष्ट अर्जाच्या मजकुरावर घ्यावेत. ‘रात्री दिसत नाही’ एवढ्यावर भागत नाही. काम कोणते, ते कोणत्या भागात आणि कोणत्या महिन्यांत चालते, मूळ दिव्यांनी ते का होत नाही, दिवे किती, किती वॅटचे आणि कोणत्या उंचीवर बसणार, सार्वजनिक रस्त्यावर ते बंद आणि झाकलेले राहतील याची हमी, हे सारे क्रमाने लिहावे. सोबत गाडीचा समोरून काढलेला फोटो जोडून त्यावर दिव्यांच्या जागा खुणेने दाखवाव्यात. वायरिंगचा साधा आराखडाही द्यावा. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतात. म्हणून हेडलाइटच्या वायरला जोड न मारता बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्फत स्वतंत्र वायर आणणार, हे आराखड्यात दिसले पाहिजे. हेडलाइटच्या वायरला चिमटा लावून केलेली जोडणी स्वस्त पडते, पण त्यात घाटाच्या मध्यावर जादा दिव्यांबरोबर मूळ दिवेही जाऊ शकतात.

अर्जाची एक प्रत कार्यालयाच्या आवक क्रमांकासह स्वतःकडे ठेवावी. मोटार वाहन निरीक्षकांसमोर गाडी नेण्यास सांगितले, तर ती दिवे न बसवता मूळ स्थितीतच न्यावी. आधी दिवे बसवून मग ‘पूर्व’मान्यता मागणारे अर्जदार कमी नसतात, आणि त्यांचा अर्ज बरेचदा कबुलीजबाबासारखा वाचला जातो. मान्यता लेखी मिळाल्यावरच काम करून घ्यावे आणि त्या पत्राची प्रत गाडीत ठेवावी. कलम ५२ खालील आदेशाविरुद्ध अपील करायचे असल्यास कलम ५७ नुसार ३० दिवसांची मुदत असते, म्हणून नकारही लेखीच मागून घ्यावा.

दिवे बसले की विमा कंपनीला लेखी कळवावे. निर्मात्याच्या विक्री किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांसाठी आयएमटी २४ हे वेगळे पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसीला जोडले जाणारे कलम, असते आणि त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. ते घेतले नाही तर दिव्यांची भरपाई मिळत नाही. वायरिंगमुळे आग लागली तर न कळवलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो, ही त्याहून मोठी गोष्ट.

परिवहन कार्यालयाची मान्यता जंगलात चालत नाही. फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता १९५८ साली घोषित झालेल्या, गव्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या राधानगरी अभयारण्याच्या दाजीपूर भागातून जातो. अभयारण्यात शिरण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार वन विभागाचा वेगळा परवाना लागतो. तेथे रात्री झाडीत झोत फिरवणाऱ्या गाडीवर वनरक्षकाला शिकारीचाच संशय येणार, आणि त्या वेळी खिशातले मान्यतापत्र फारसे उपयोगी पडणार नाही.